झालं म्हणेपर्यंत वळायचं नाही

थोरलीला ऑपरेशनच्या खोलीत पायमोजे हवे होते. बाईनं उभा जन्म त्याच दवाखान्यात नर्स म्हणून काढलेला. आतल्या गारठ्यात पेशंटचे पाय कसे बर्फ होतात, हे तिला सांगायला नको होतं. म्हणून ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिनं धाकटीला घरी पिटाळलं. लोकरीचे, तपकिरी, कपाटाच्या खालच्या खणातले. "दुसरे आणशील तर परत पाठवीन," अशी वर तंबी. डोक्यात फुटायला आलेली रक्तवाहिनी घेऊन बाई पलंगावर बसलेली, आणि काळजी कसली तर मोज्यांची. धाकटी हसली आणि निघाली.

दोघी सख्ख्या बहिणी. आई लवकर गेली, तेव्हापासून थोरलीनंच धाकटीच्या वेण्या घातल्या, शाळेत सोडलं, आणि पुढं आपल्याच दवाखान्यात चिकटवलंही. तिथं सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणूनच ओळखायचे. खरी नावं पगाराच्या दिवशी तेवढी आठवायची. एकीनं लग्न केलं नाही, दुसरीचं टिकलं नाही, आणि घरात दोघीच उरल्या. सकाळ-संध्याकाळ भांडायच्या, आणि एकीला उशीर झाला की दुसरी जेवायची थांबायची.

धाकटीचं काम तळघरात. धुलाईखाना ओलांडला, मोडक्या खाटांची खोली ओलांडली, की शेवटी एक बुटकं दार. आत ना खिडकी ना झरोका. भिंतींना फिकट हिरवा तेलरंग, एक टेबल, एक करकरणारी खुर्ची, आणि एक लोखंडी कपाट. दवाखान्यातल्या प्रत्येक पेशंटचे फोटो, रिपोर्ट, औषधं, सगळ्याची एक प्रत रोज संध्याकाळी त्या कपाटातल्या यंत्रात उतरवायची, आणि उतरवून झालं की वायर उपटून खुंटीला टांगायची. वायर उपटली की जगातल्या कुठल्याही चोराला त्या कपाटापर्यंत यायला रस्ताच नाही. चोर कितीही हुशार असला तरी हवेतून तर चालत येणार नाही ना, असं कुलूपकाका म्हणायचे.

कुलूपकाका म्हणजे त्या खोलीचे मूळ राखणदार. त्यांनीच ते सगळं बसवलं. गुडघेदुखीचा माणूस, त्यामुळे खोलीत कायम बामचा वास. स्वभावानं असे संशयी, की स्वतःच्या डब्यालाही कुलूप लावतील. नाव उगीच नव्हतं पडलं. त्यांनी यंत्राची रचना केली होती गल्ल्यासारखी. आत टाकायला कुणाचं काही लागत नाही, पण बाहेर काढायला दोघं लागतात. परवलीच्या शब्दाचे दोन तुकडे. एक काकांना ठाऊक, एक धाकटीला. एकाचा दुसऱ्याला सांगायचा नाही, कुठं लिहून ठेवायचा नाही. महिन्यातून एकदा दोघांनी मिळून कपाट उघडून बघायचं, आतलं सगळं शाबूत आहे ना. आणि उघडताना एकजण टाईप करी, तेव्हा दुसऱ्यानं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं.

त्याचाही एक नियम होता. टाईप करणारा 'झालं' म्हणेपर्यंत वळायचं नाही.

पोरखेळ वाटेल, पण त्या दोघांनी तो नियम वर्षानुवर्षं पाळला. धाकटीच्या नाकासमोर भिंतीच्या रंगाला एक पोपडा आलेला होता, त्याच्याकडे बघत ती उभी राहायची. पाठीमागं काकांचं एका बोटानं चालणारं टायपिंग. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक टक. शेवटची कळ जोरात दाबायची सवय, ती दाबण्याआधी घसा खाकरायचे, आणि मग खुर्ची करकरून आवाज यायचा, "झालं हो." अक्षरं कोणती ते तिला कधी कळलं नाही, पण ती चाल तिला झोपेतसुद्धा ओळखता आली असती.

आणि मग एक दिवस काकांनी "झालं" म्हटलंच नाही. धाकटी पोपड्याकडे बघत उभी राहिली, उभी राहिली, आणि शेवटी काका हळूच म्हणाले, "धाकटे... तू वळली होतीस का?"

"नाही काका."

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"काका, मी इथून हललेसुद्धा नाही."

"माझ्या खांद्यावरून कुणीतरी वाचत होतं," काका म्हणाले. "मानेला श्वास लागला माझ्या."

धाकटीला ते फार लागलं. इतक्या वर्षांच्या इमानाची ही किंमत? ती वायर खुंटीला टांगून निघून गेली, आणि त्यानंतर दोघं कामापुरतंच बोलू लागले. पुढच्या महिन्यात काकांनी परत तेच विचारलं. तेव्हा मात्र ती फाडकन बोलून गेली, "एवढा संशय असेल तर दुसरं कुणी बघा."  त्यानंतर काका खुर्ची भिंतीला टेकवूनच बसायला लागले, पाठ उघडी पडणार नाही अशी.

थोड्याच दिवसांत ते आजारी पडले. त्याच दवाखान्यात, थोरलीच्याच वॉर्डात. थोरली घरी येऊन सांगायची, "तुझे काका कुशीवर झोपायलाच तयार नाहीत गं. पाठ गादीला घट्ट लावून पडतात. सारखं विचारतात, माझ्या मागं कुणी उभं नाही ना, बघ. अगं, मागं भिंत आहे." मॅनेजर त्यांच्याकडून तुकडा काढून घ्यायला गेला, तर काका त्याला म्हणाले, "इथं नाही सांगणार. इथं ऐकतील." कोण ऐकेल ते सांगितलं नाही. धाकटीला भेटायला जायचं होतं, पण मनात अढी बसलेली. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता काका गेले, आणि तुकडा त्यांच्याबरोबर गेला.

आता तुम्ही म्हणाल, मग त्याच आठवड्यात दुसरी व्यवस्था करायला नको? करायला हवी होती. धाकटीनं मॅनेजरला सांगितलंही. पण गल्ल्यात पैसे पडत असले की फोडायची आठवण कुणाला राहते? रोज संध्याकाळी प्रत उतरतेय, वायर निघतेय, कपाट भरतंय. "पुढच्या महिन्यात नवीन यंत्र घेऊ," मॅनेजर म्हणाला, आणि तो पुढचा महिना पुढेच राहिला.

मोजे घेऊन धाकटी परत आली, तेव्हा दवाखान्याच्या दारातच तिला कळलं की काहीतरी बिनसलंय. नेहमीचा गलका नव्हता. काउंटरवरच्या पोरी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोरच्या प्रत्येक पडद्यावर तोच एक काळा चौकोन, त्यात तीच एक ओळ. तुमची सगळी माहिती आम्ही कुलुपात घातली आहे, किल्ली हवी असेल तर बोला. चोर रात्रीतून कधीतरी घुसले होते. कुणीतरी कुठल्यातरी भलत्या मेलवर बोट ठेवलं असणार, अशी कुजबुज चालली होती, आणि ज्यानं ठेवलं असेल तो सगळ्यात मोठ्यानं चोरांना शिव्या घालत असणार.

धाकटीच्या मनात पहिलं काय आलं, ते सांगायला नको. आदल्या दिवशी थोरलीला औषध टोचून तिच्या डोक्यातल्या नसांचे फोटो काढले होते. ते औषध मूत्रपिंडांना जड. थोरलीनं ते कसंबसं सोसलं, आणि परत एवढ्यात टोचता येणार नाही, हे तेव्हाच ठरलं होतं. ते फोटो आता त्या काळ्या चौकोनामागं.

सर्जनबाई जिन्यातच भेटल्या. "नसा कुठून कशा गेल्यात ते न बघता मी हात घालणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि थांबताही येत नाही. रात्री तिचं डोकं दुखत होतं, तुला बोलली नसेल ती. वाहिनी कधीही फुटेल. मी तिला आत घेऊन ठेवलंय. संध्याकाळच्या आत मला फोटो दे. कपाटात आहेत ना तुझ्या?"

"आहेत," धाकटी म्हणाली. काल संध्याकाळी तिनं स्वतः उतरवले होते. थोरलीचं नाव पडद्यावरून सरकताना डोळे भरून बघितलंही होतं.

मोजे तिच्या एप्रनच्या खिशातच राहिले.

मॅनेजरनं बाहेरून एक जाणकार बोलावला होता. टाय बांधून आलेला, म्हणून धाकटी त्याला मनातल्या मनात टायवाला म्हणू लागली. माणूस वाईट नव्हता. दुपारभर तो तळघरात तिच्याबरोबर घाम गाळत बसला, आणि तळघरात तर गारठा होता. काकांचा तुकडा काय असेल? काकूंना फोन झाला. काकांच्या मुलीचं नाव, घराचं नाव, जुन्या कुत्र्याचं नाव. प्रत्येक वेळी यंत्र एक लांबलचक सूर काढायचं आणि नकार द्यायचं. काकांनी आणखी एक पाचर मारून ठेवली होती. ठरावीक वेळा चुकलं, की यंत्र आतलं सगळं स्वतःच पुसून टाकणार. चोराच्या हाती लागण्यापेक्षा गेलेलं बरं, हा त्यांचा हिशोब. त्या संधी संपत संपत शेवटची एक उरली.

"ही वापरायची की नाही, हे मी ठरवू शकत नाही," टायवाला कपाळ पुसत म्हणाला. "मॅनेजरसाहेबांना विचारून येतो. ताई, तोवर कशालाही हात लावू नका."

तो गेला. त्याच्या बुटांचा आवाज मोडक्या खाटांच्या खोलीतून, मग धुलाईखान्यातून गेला आणि विरला. खोलीत पंख्याची घरघर तेवढी उरली.

धाकटी खुर्चीत बसली आणि रडली. वर बहीण टेबलावर पडलेली, खाली तिचा जीव त्या लोखंडी पेटीत, आणि मध्ये एका मेलेल्या म्हाताऱ्याचा संशय. काकांचा तिला राग आला, मग रागाची लाज वाटली. काका हयात असते तर गुडघे चोळत जिना उतरून आले असते. कितीही रुसवा असला तरी थोरलीसाठी आले असते.

डोळे पुसून तिनं आपला तुकडा टाईप केला. ती दोन्ही हातांनी भराभर टाईप करायची. डाव्या करंगळीचं हाड लहानपणी मोडून वाकडं बसलेलं, त्यामुळे मध्येच एक कळ हुकायची, मागं यावं लागायचं, की परत पुढं. तिचा तुकडा यंत्रानं घेतला. दुसरी चौकट रिकामी, त्यात रेघ लुकलुकत होती.

आणि मग तिनं जे केलं, ते तिनं पुढं कुणालाही सांगितलं नाही. ती उठली, खुर्ची मागं सरकवून मोकळी केली, आणि म्हणाली, "काका, माझं झालं." आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

वेडेपणा होता, तिलाही कळत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तिच्याकडे तर काडीही नव्हती. पोपडा होता तिथंच होता. तिनं त्याच्यावर नजर लावली. मनात थोरलीचं नाव घेत राहिली.

पंख्याची घरघर चालू होती. मग त्या आवाजात थोडा फरक पडला, कुणी वाऱ्याच्या आड आल्यावर पडतो तसा.

खुर्ची करकरली.

 धाकटीनं मान वळवायची म्हटली असती तरी वळली नसती. हळूहळू, लांबून यावा तसा, वास आला. बामचा.

टक.

बराच वेळ काही नाही.

टक टक.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते भीतीचं नव्हतं. ती चाल तिच्या ओळखीची होती. एका बोटाची, कळ शोधत शोधत जाणारी. काका आले होते. रुसवा सोडून, थोरलीसाठी आले होते. "काका," ती पुटपुटली, "मी खरंच नव्हते हो वळले..."  घसा खाकरल्याचा आवाज आला. शेवटची कळ जोरात वाजली, आणि कपाटातल्या यंत्रानं आखूड, गोड सूर काढला. उघडलं होतं.

आता "झालं हो" म्हणायचं. तेवढंच राहिलं होतं.

ती वाट बघत राहिली. खुर्ची करकरली नाही. पंख्याचा वारा अजून कुणीतरी अडवतच होतं.

"काका... झालं का?"

काही नाही. वर फोटोंची वाट बघत सगळे थांबलेले. वळावं, यंत्राशी जावं, थोरलीचे फोटो काढून द्यावेत, एवढंच करायचं होतं. पण इतक्या वर्षांचा नियम मानेत घट्ट बसलेला. आणि त्याहून एक गोष्ट तिच्या ध्यानात येऊ लागली होती. बामचा वास गेला होता. आला होता तसा विरला नव्हता, एकदम गेला होता.

मग परत टायपिंग सुरू झालं.

ते एका बोटाचं नव्हतं. दोन्ही हातांचं होतं, भराभर. मध्येच एक कळ हुकली. मागं आली. परत पुढं गेली.

धाकटीनं आयुष्यात पहिल्यांदा आपलं टायपिंग पाठीमागून ऐकलं. पण ओळखायला तिला क्षणही लागला नाही. तिचाच तुकडा होता तो. अक्षरामागून अक्षर, करंगळीच्या अडखळीसकट. काकांना तो ठाऊक नव्हता. काकांनी कधी वळून बघितलं नव्हतं, तिच्याइतकेच ते नियमाचे पक्के. दोघांचेही तुकडे ठाऊक असायला, दोघंही आळीपाळीनं भिंतीकडे तोंड करून उभी असताना, दोघांच्याही खांद्यावरून वाचणारं कुणीतरी त्या खोलीत असायला हवं होतं. भिंतीला कान असतात, हे लहानपणापासून ऐकलेलं. वायर उपटून, दाराला कुलूप घालून, बाहेरच्या चोरांची वाट बंद करून दोघं निश्चिंत उभी राहायची, ते कुणाच्या संगतीत?

"माझ्या मानेला श्वास लागला," काका म्हणाले होते.

तो तिच्याही मानेला लागला. गार. जवळून. पोपडा त्यानं किंचित थरथरला. तिनं डोळे घट्ट मिटले. एप्रनला कुणीतरी अलगद ओढल्यासारखं वाटलं. पोर आईचा पदर ओढतं, तितक्या हळू.

मग तिच्या कानाशी, तिच्याच आवाजात, कुणीतरी म्हणालं, "झालं."

ती कितीतरी वेळानं वळली. खोलीत कुणी नव्हतं. खुर्ची टेबलाला नीट सरकवून ठेवलेली होती. कपाट उघडं होतं, आणि पडद्यावर थोरलीचं नाव आधीच काढून ठेवलेलं होतं.

त्यानंतर काय झालं हे सगळ्या दवाखान्याला ठाऊक आहे. टायवाला मॅनेजरला घेऊन परत आला, तोवर धाकटी चुन्यासारखी पांढरी पडून फोटो उतरवत होती. फोटो वर गेले, थोरलीला भूल दिली, आणि मध्यरात्र उलटल्यावर सर्जनबाई टोपी काढत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वाचली." धाकटी तिथंच खाली बसली. पुढच्या दोन-तीन दिवसांत बाकी सगळी माहितीही त्या कपाटातून परत आली, आणि चोर हात चोळत बसले असणार.

मॅनेजरनं मात्र तिला बाजूला घेतलं. डोळे बारीक करून हसला. "कमाल आहे तुझी. काकांचा शब्द ठाऊक होता, आणि दुपारभर आम्हाला नाचवलंस? म्हणजे तू वळली होतीस तर."

 नाही म्हटलं तर उघडलं कुणी, ते सांगावं लागणार. जो आळ काकांनी घेतला म्हणून ती त्यांना शेवटचं भेटलीसुद्धा नाही, तोच आळ आता तिला स्वतःच्या तोंडानं कबूल करावा लागला.

"हो," ती म्हणाली. "एकदाच वळले होते."

"असू दे, असू दे," मॅनेजर म्हणाला. "बरंच झालं म्हणायचं."

तिनं एवढंच केलं, की ते कपाट बंद करायला लावलं. टायवाल्यानं नवी व्यवस्था लावली, दुसऱ्या मजल्यावर, उन्हाच्या खोलीत. जुनं यंत्र फोडलं, बुटक्या दाराला कुलूप लागलं. त्या दिवशी धाकटीला पहिल्यांदा धड झोप लागली. जे काही होतं ते तळघरात राहिलं, असं तिनं मनाशी धरलं.

आठवडाभरानं थोरली नीट बोलायला लागली. डोक्याला पट्टी, डोळ्यांखाली काळं, पण जीभ जागेवर. दुपारची वेळ, वॉर्डात भरपूर ऊन. धाकटी घरून भात घेऊन आलेली, आल्या आल्या पलंगाच्या पायथ्याशी टेकली.

"भात गार करून आणलास," थोरली म्हणाली.

"झाली बाई बरी," धाकटी म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला खरंच हसू आलं.

"पण मोज्यांचं काम चोख केलंस हो. मला वाटलं, या गोंधळात विसरणार ही."

धाकटीचा डबा उघडणारा हात थांबला. मोजे. ती ते साफ विसरली होती. एप्रनच्या खिशात ठेवले, त्यानंतर ते कुठं गेले हे तिला आठवेचना.

"कुठले मोजे?"

"कुठले म्हणजे? माझे. तू नाही का आत येऊन घातलेस, भूल द्यायच्या आधी? मी टेबलावर कुडकुडत पडलेली. मनात म्हटलं, सर्जनबाई हिला आत कशा सोडतात. मास्क बांधला होतास, पण मी ओळखणार नाही होय तुला?" थोरली थोडी थांबली. तिला दम लागत होता. "हात किती गार होते गं तुझे. चकार शब्द बोलली नाहीस. मोजे घातलेस, नुसतं 'झालं' म्हणालीस, आणि गेलीस. भ्यायली होतीस ना खूप?"

धाकटीनं चादरीचं टोक उचललं. थोरलीच्या पायांत तपकिरी, लोकरीचे मोजे होते. कपाटाच्या खालच्या खणातले.

"नर्सला म्हटलं, काढू नका, माझ्या बहिणीनं घातलेत," थोरली म्हणाली. तिचे डोळे मिटत आले होते. "आणि आज कशी शहाण्यासारखी समोर येऊन बसलीस. इतके दिवस सारखी उशामागं काय उभी राहत होतीस? मान वळवून बघता येत नाही मला. श्वास तेवढा लागतो."

थोरलीच्या उशामागं भिंत होती. पलंग तिला चिकटवून ठेवलेला होता.

"ही काय," थोरली झोपेत पुटपुटली, "परत गेलीस ना मागं..."

धाकटीनं बहिणीचे दोन्ही पाय मोज्यांसकट हातांत घट्ट धरले. मान खाली घातली, नजर लोकरीवर ठेवली, आणि वर बघितलं नाही. कुणीतरी 'झालं' म्हणेल, म्हणून ती वाट बघत बसली. वॉर्डातलं ऊन सरकत सरकत पलंगावरून उतरलं, तरी कुणी काही म्हटलं नाही.